जाताना जवळ, येताना लांब

दोन गावांमधलं अंतर निसर्ग ठरवतो, असा समज संस्थानं विलीन होण्याआधी सर्वत्र प्रचलित होता. पुढे ते काम समितीकडे आलं.

मध्यभारत राज्य झालं आणि त्याला दोन राजधान्या मिळाल्या: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. (पावसाळा बहुधा कुणाच्या लक्षात राहिला नाही.) दोन्हीकडच्या दप्तरांत या दोन शहरांमधल्या विमानप्रवासाची वेळ निघाली. ग्वाल्हेरच्या कागदावर एक तास चाळीस मिनिटं, इंदूरच्या कागदावर दोन तास पाच. कुठल्याही संस्थानाचा कागद खोटा ठरवणं एकीला बाधक. म्हणून हवाई अंतर एकीकरण समितीने अकराव्या बैठकीत दोन्ही वेळा खऱ्या ठरवल्या: जाताना ग्वाल्हेरची, येताना इंदूरची.

समितीचे हेडक्लार्क रघुनाथराव. कचेरी ग्वाल्हेरच्या गोरखीत, घर तिथल्याच हजीऱ्यात, आणि उभ्या जन्मात विमानात पाऊल नाही. (नेमणुकीच्या वेळी हा निःपक्षपातीपणा मानला गेला.) त्यांनी निर्णय सुवाच्य अक्षरात लिहून वर पाठवला. वरून शेरा आला: ‘फरकाची पंचवीस मिनिटे कोठे आहेत? खुलासा व्हावा.’

त्याच आठवड्यात इंदूरहून जावयाची तार आली. एकुलती एक लेक लीला बाळंतपणात अडली होती. बाबांना बोलवा म्हणत होती.

रजेच्या अर्जात ‘प्रवासाचा सर्वांत कमी मंजूर वेळ’ असा रकाना होता. तो वेळ रघुनाथरावांच्याच टेबलावर पडून होता, मंजुरीवाचून.

“अंदाजाने लिहा ना,” ट्रंक भरता भरता त्यांच्या पत्नी सुधाताई म्हणाल्या.

“मीच अंदाजाने लिहिलं तर बाकीच्यांनी काय करायचं?”

“अहो, तिकडे पोरीचा जीव टांगणीला लागलाय!”

“दोन दिवसांत खुलासा देतो नि निघतोच.”

“बसा तुम्ही मिनिटं शोधत. मी चालले.” सुधाताईंनी तांगा बोलावला, स्टेशन गाठलं आणि कुणाच्याही मंजुरीशिवाय दुसऱ्या दिवशी इंदूरला पोचल्या.

रघुनाथराव खरोखरच शोधत होते. मुरार छावणीतल्या एका निवृत्त सुभेदाराने सांगितलं, येताना वारा समोरून असतो. पण वारा कुठल्या खात्याकडे, हे अजून ठरायचं होतं. इंदूरहून आलेले वरिष्ठ रोज विचारत, “क्या हुआ, रघुनाथरावजी? पच्चीस मिनिट मिले?” पोस्टमन दिसला की रघुनाथराव दारापर्यंत जात. चौथ्या दिवशी तार आली: मुलगी झाली, लीला वाचली, शुद्धीवर येताच ‘बाबा आले का’ विचारलं.

त्यांनी तार तीनदा वाचली, चष्मा पुसला आणि फाइलला ‘अत्यंत निकडीचे’ अशी लाल चिठ्ठी लावली.

लीला त्यानंतर माहेरी आली नाही. खुलासा मंजूर झाला तो सहा वर्षांनी, छप्पन्नच्या ऑक्टोबरात. नोव्हेंबरात राज्यच उरलं नाही. राजधानी भोपाळला गेली. फाइल परत आली: ‘सदर दोन ठिकाणांत आता शासकीय अंतर नाही.’

अंतरच नाही म्हटल्यावर रघुनाथराव त्याच दिवशी निघाले. इंदूरला सहा वर्षांच्या नातीने दार उघडलं, त्यांना काखेतल्या फाइलसकट खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत ओरडली, “आई, दफ्तर से कोई आया है!”

आपलं तसं नाही. आपण आता कुठल्याही दोन विमानतळांची नावं फोनमध्ये घालतो. अंतर नि वेळ, मिनिटासकट, क्षणात समोर. ‘अगदीच जवळ आहे की,’ असं म्हणतो. आणि फोन खाली ठेवतो.