खरडच्या अलीकडे जपानी मुक्काम

खरडच्या नाक्यावर हवालदाराने काठी आडवी धरली आणि सांगितलं, की पुढे काहीतरी गडबड झाली आहे, रस्ता आता पहाटे पाचला उघडेल. चंदीगडच्या चोवीस सेक्टरातलं हेरंबराव दामल्यांचं घर तिथून जेमतेम अर्ध्या तासावर होतं. सत्त्याऐंशी सालचा जानेवारी, रात्रीचे साडेनऊ, धुकं इतकं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना. हेरंबरावांनी आपण युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवतो, असं सांगून पाहिलं. हवालदाराने ते आदराने ऐकून घेतलं आणि मागे एक ढाबा आहे तिथे थांबा, म्हणाला.

ढाबा गुरबचनसिंगांचा होता. सहा फूट उंची, पांढरी दाढी, अंगावर घोंगडी. व्हॅनमध्ये बाई आणि नऊ वर्षांची मुलगी पाहिल्याबरोबर त्यांनी ढाब्यामागच्या आपल्या घराकडे बोट दाखवलं. एक खोली रिकामी आहे, रजया आहेत, शेगडी पेटवून देतो, एवढंच नव्हे तर खोलीचे पैसे विचारलेत तर राग येईल, असंही त्यांनी बजावलं.

हेरंबरावांच्या बायकोने, शैलजाताईंनी, पर्स उचललीसुद्धा. पण हेरंबराव स्टिअरिंग धरून बसून राहिले आणि म्हणाले, "थँक्यू जी, पर हम गाड़ी में ही सोएँगे. जापान में ऐसाच करते हैं."

आता जपानची गोष्ट सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी हेरंबराव ओसाकाला वर्षभर राहून आले होते. तिथल्या एका प्राध्यापकाने त्यांना एकदा, म्हणजे अगदी एकदाच, हायवेवरच्या विश्रांतीच्या जागी स्वतःच्या गाडीत झोपवलं होतं. तिथली आरशासारखी स्वच्छतागृहं, नाणं टाकल्यावर गरम चहाचा डबा देणारं यंत्र, काचांना आतून पडदे लावून बिनघोर झोपलेली कुटुंबं, हे सगळं महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येक माणसाने निदान तीनदा ऐकलं होतं. कोजागिरीला तर लोक त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून बसत.

पण त्या रात्री त्यांना अडवलं ते जपानने नव्हे. त्यांना भीती वाटली. गुरबचनसिंगांच्या पगडीची, दाढीची, त्या घोंगडीखाली काय असेल त्याची. पंजाबातल्या अतिरेक्यांबद्दल रोजच्या पेपरात पहिल्या पानावर जे छापून येई, ते सगळं त्या एका माणसाच्या अंगावर चिकटवून ते मोकळे झाले होते. आणि येत होते कुठून? रोपडहून, सहकारी प्राध्यापक जोगिंदरसिंग यांच्या मुलीच्या लग्नाहून. तिथे शंभर पगड्यांच्या गर्दीत त्यांनी दोनदा गाजरहलवा मागून घेतला होता.

"खोली चांगली असेल हो," शैलजाताई हळू आवाजात म्हणाल्या. "लीनाला आधीच सर्दी झालीय."

"तुला कळत नाही," हेरंबराव म्हणाले. नवऱ्याला स्वतःलाच काही कळत नसलं की तो हेच म्हणतो, हे शैलजाताईंना चौदा वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. त्यांनी पर्स खाली ठेवली.

मग जपानी पद्धत सुरू झाली. व्हॅन ढाब्याच्या कडेला, दिव्यापासून लांब लावली. पोस्टाने येणारे आठवडाभराचे मराठी पेपर गाडीत होते, ते औषधाच्या डब्यातल्या चिकटपट्टीने सगळ्या काचांना आतून लावले. जपानमध्ये चपला बाहेर काढतात म्हणून तिघांचे जोड दाराबाहेर ओळीने मांडले. पहाटे पाचचा गजर लावून ओसाकाचं छोटं घड्याळ पुढच्या काचेपाशी ठेवलं. हेरंबरावांनी माकडटोपी ओढली, वरून बायकोची शाल घेतली आणि म्हणाले, "बघ, किती सोपं आहे." दहा मिनिटांत तिघांचे दात वाजू लागले.

अकराच्या सुमाराला बाहेर पावलं वाजली. कुणीतरी काचेवर टकटक केलं. "प्रोफेसर साब?"

हेरंबरावांनी तोंडावर बोट ठेवलं. लीना शिंकणार होती, तिचं नाक त्यांनी स्वतः दाबून धरलं.

"प्रोफेसर साब, रज़ाइयाँ लाया हूँ."

व्हॅनमधलं एकही माणूस हललं नाही. आवाज ओळखीचा होता, रजया म्हणजे काय हेही माहीत होतं, तरी हेरंबरावांनी हूं की चूं केलं नाही. बाहेरून कान काचेला टेकल्याचा खसखस आवाज आला. आत घड्याळ टिकटिक करत होतं. मग पावलं घाईघाईने लांब गेली आणि हेरंबरावांना वाटलं, सुटलो.

गुरबचनसिंगांना जे वाटलं तेही सरळ होतं. गाडीच्या सगळ्या काचा झाकलेल्या, हाका मारून उत्तर नाही, बाहेर जोडे सोडून माणसं गायब, आणि आत काहीतरी टिकटिकतंय. ते धावत नाक्यावर गेले. पाच मिनिटांत पोलीस आले. त्यांनी ढाबा रिकामा केला, भट्टी विझवली, ट्रकवाल्यांना झोपेतून उठवून गव्हाच्या शेतात पिटाळलं. गुरबचनसिंगांची ऐंशी वर्षांची आई चालू शकत नव्हती, तिला बाजेसकट चौघांनी उचलून धुक्यात नेऊन ठेवलं. चंदीगडहून बॉम्ब शोधणारं पथक मागवायला एक शिपाई वायरलेसला चिकटला.

व्हॅनमधून काहीच दिसत नव्हतं, कारण हेरंबरावांनी पेपर फार नीट लावले होते. बाहेरचा गलका त्यांना ऐकू आला, मग तो थांबला, तेव्हा ते कुजबुजले, "गेले वाटतं." तेवढ्यात कर्णा गरजला. "वैन में कोई है तो हाथ ऊपर करके बाहर आ जाए."

"पापा," लीना म्हणाली, "वो हमको बोल रहे हैं."

दार सरकवून हेरंबराव हात वर करून उतरले. माकडटोपी, शाल, पायजमा, पायात नुसते मोजे. चार बॅटऱ्यांचे झोत एकदम तोंडावर पडले. मागून शैलजाताई उतरल्या, शिंकत लीना उतरली. पोलिसांच्या जमादाराने घड्याळ उचलून कानाला लावलं आणि विचारलं, की हाक मारल्यावर उत्तर का दिलं नाही.

"वो... जापान में," हेरंबरावांनी सुरुवात केली. शेतातून तीसेक माणसं कुडकुडत परत येत होती. सगळ्यात शेवटी बाज येत होती आणि तिच्यावरची म्हातारी खोकत होती. कुणी त्यांना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. कुणी दिल्या नाहीत.

पोलीस गेल्यावर गुरबचनसिंग पुढे आले आणि त्यांनीच हात जोडले. "माफ़ करना जी. पुलिस मैंने बुलाई. मैं डर गया था आपसे."

किती सहज बोलून गेले ते. हेरंबरावांनाही आता तेच वाक्य बोलायचं होतं, फक्त पाच शब्दांचं. शैलजाताई त्यांच्याकडे बघत होत्या. हेरंबरावांनी शाल घट्ट ओढून घेतली आणि म्हणाले, "बहुत ठंड है जी."

गुरबचनसिंगांनी लीनाला उचललं आणि तिघांना त्या खोलीत नेलं. शेगडी पेटवली, रजया टाकल्या. जाताना दारात थांबले आणि तोंड वळवून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "कुंडी अंदर से लगती है, प्रोफेसर साब. लगा लेना."

हेरंबरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाला सगळं कळलं होतं, बहुधा साडेनऊलाच. आता कडी लावायची तर आपण त्याने ओळखलेलेच भित्रे ठरणार, आणि न लावावी तर झोप येणार नाही. लीना कधीच झोपली होती. शैलजाताई भिंतीकडे तोंड करून पडल्या आणि म्हणाल्या, "लावायची नाही हं. थोडी तरी लाज ठेवा."

लाज ठेवून हेरंबराव छपराकडे बघत पडले. बाहेर ढाब्याचे दिवे मालवले. अंगणापलीकडे गुरबचनसिंगांचं दार लागलं, आणि मग त्या शांततेत त्या दाराची कडी खण्णकन आतून पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

हेरंबराव आणखी थोडा वेळ पडून राहिले. मग उठले, अनवाणी दारापाशी गेले आणि दोन्ही हातांनी धरून, कणभरही आवाज होऊ न देता, त्यांनी आपली कडी लावली.