मानूस दिसला पायजे

म्हात्रेकाकांची आणि आमची पहिली भेट इमारतीच्या गेटवर झाली. त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली, माझ्या नवऱ्याचा चेहरा तीत धरला, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "साहेब, तुमची उजवी बाजू चालंल. डावीचा काय उपयोग नाय."

आम्ही वसईत माणिकपूरला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. नवऱ्याने तेव्हापासून डावी बाजू लपवायला घेतली ती आजतागायत. कुठल्याही लग्नाच्या ग्रुप फोटोत बघा, सगळे समोर बघतायत आणि हा एकटा कुणीतरी हाक मारल्यासारखा बाजूला वळलेला. माझ्या बाबतीत काकांनी जरा जास्त वेळ घेतला. मग म्हणाले, "बाई, तुमचा समोरून घेऊ. पन रागावल्या असाल तवा." मी शाळेत शिकवते, त्यामुळे तसा फोटो मिळायला त्यांना फार वाट बघावी लागणार नव्हती.

रिक्षा स्टँडसमोर, औषधांच्या आणि चपलांच्या दुकानांच्या मधल्या बोळकांडीत 'म्हात्रे आर्ट' आहे. वाढदिवस, बारसं, उद्घाटन, गणपती, निवडणूक, दहावा, जे काही माणसाच्या आयुष्यात चौकात टांगण्यासारखं असतं, ते सगळं काका तिथे तयार करतात. चर्चच्या सणाची आणि पोरांच्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याची पोस्टरंही त्यांच्याकडेच येतात. एकदा एक आई मुलाचा फोटो घेऊन आली. त्याचे पुढचे दोन दात पडलेले. ती म्हणाली, "काका, तेवढे दात बसवून द्या." काका म्हणाले, "बसवतो. पन मग हा पोरगा कोनाचा, ते तुम्ही सांगायचं." आता तो पोरगा मोठा झालाय, तोंडभर दात आहेत, आणि घरात पाहुणे आले की आई तेच बोळकं दाखवते.

"मानूस दिसला पायजे," हे काकांचं वाक्य. दिवसातून कितीदा म्हणतात त्याला हिशोब नाही.

काका मूळचे मिठागरांच्या बाजूच्या गावचे. लहानपणी त्यांनी कोठाराच्या भिंतीवर कोळशाने मुकादमाचं चित्र काढलं. मुकादमाने स्वतःला बरोबर ओळखलं आणि काकांना बदडून काढलं. "बाई, ती माझी पयली शाबासकी," असं ते सांगतात. पुढे मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका उस्तादाकडे लागले. तिथली रीत अशी, की नव्या माणसाने मागचं आभाळ रंगवायचं, मग बढती मिळाली की कपडे, त्यानंतर हात. चेहऱ्याला फक्त उस्ताद हात लावणार. काका बरीच वर्षं हातांवर अडकले. पिस्तुलाचे हात, बांगड्यांचे हात, आशीर्वादाचे हात. शेवटी उस्ताद थकला, 'उद्यापासून चेहरे तू कर' म्हणाला, आणि थोड्याच दिवसांत हाताने रंगवलेले बॅनरच बंद झाले.

ही चेहऱ्याची भूक पोटात घेऊन माणूस वसईला परत आला. मिळेल तो बोर्ड रंगवू लागला. वालीवच्या एका कारखान्यात विजेच्या पेटीवर त्यांनी 'धोका' लिहून खाली कवटी काढली. कवटी इतकी हुबेहूब मालकासारखी झाली, की मालकाने ती उभं राहून पुसून घेतली. काकांना यात आपलं काय चुकलं ते अजून कळलेलं नाही.

मग फ्लेक्स आले, कॉम्प्युटर आला. रंगारी मंडळी एकेक करून धंदा सोडून गेली. काका शिकले. पण शिकले ते आपल्या पद्धतीने. अजूनही माऊस धरण्याआधी बाही कोपरापर्यंत वर करतात आणि काम झालं की तो फडक्याने पुसून ठेवतात. मोठं चित्र लांबून बघायचं, ही बॅनरच्या दिवसांतली सवय. त्यामुळे स्क्रीनवर दोन हात मारले की काका उठतात, रस्ता ओलांडतात, आणि रिक्षा स्टँडवर उभे राहून तिथून स्वतःचा कॉम्प्युटर बघतात. रिक्षावाल्यांना याची इतकी सवय झालीय की तेही मत देतात. "काका, नाक थोडं बारीक करा." "अरे, नाक त्याचंच हाय, माझं नाय." गावात कोणाचा वाढदिवस आहे हे घरच्यांच्या आधी स्टँडला माहीत असतं.

आमच्या भागातला एक भावी नगरसेवक एकदा गॉगल लावलेला फोटो घेऊन आला. गोरा करा, म्हणाला, आणि गालावरचा मस काढा. काकांनी सांगितलं, "मस ऱ्हाईल. गॉगल जाईल. लोकांनी मत कोनाला द्यायचं, गॉगलला?" भावी नगरसेवक तणतणत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याची आईच दुकानात हजर. म्हणाली, "याच्या सगळ्या बोर्डांवर मी याला शोधत असते. या वेळी सापडू दे." मस राहिला.

एवढा सगळा गुणाचा माणूस, पण एका बाबतीत काकांनी अख्ख्या गावाचा जीव खाल्लाय. वाढदिवसाचा फ्लेक्स तासाभरात देतील. श्रद्धांजलीचा मात्र देता देत नाहीत. लोक ताटकळतात, फोन करतात, चिडतात. काकांचं एकच उत्तर, "होतंय, होतंय." एका बिचाऱ्या आजोबांचा फ्लेक्स तेराव्याची पंगत उठल्यावर लागला. मी स्वतः घंटेवर चालणारी बाई. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "काका, तुमच्या भरवशावर माणसाने मरूसुद्धा नये." काका नुसते हसले.

मग आमच्याच घरावर वेळ आली.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, सकाळी चहा पिता पिता छाती धरून खाली बसले. धावपळ करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं, आत्ता काही सांगता येणार नाही. सासूबाईंचं ब्लडप्रेशर असं, की दूध उतू गेलं तरी त्यांना घाम फुटतो. त्यांना आम्ही 'गॅस झालाय, तपासून आणतो' एवढंच सांगितलं आणि शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून निघालो. मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. डोक्यात एकच विचार, आईंना काय सांगायचं?

नवऱ्याने गणपती मंडळाच्या बंड्याला फोन केला. अण्णा मंडळाचे जुने अध्यक्ष, तेव्हा त्यांना कळवायला नको? बंड्या हा चाळिशीचा, उत्साहाने फुटणारा गृहस्थ. मागे एक वडीलधारे गेले, तेव्हा समोरच्या मंडळाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स आधी लागला होता आणि बंड्याला ते जिव्हारी लागलं होतं. यावेळी त्याला मागे पडायचं नव्हतं. 'काही सांगता येणार नाही' एवढं ऐकलं आणि त्याने थेट म्हात्रेकाकांना अण्णांचा फोटो पाठवला. लगेच करा, आमच्या गेटवर लावायचाय. अण्णा अजून आहेत, हे सांगायचं त्या घाईत राहूनच गेलं. बंड्याच्या मते त्याने फक्त तयारी करून ठेवली होती.

आता यातली गोम अशी. काकांची छपाई वालीवला होते. तिथून संध्याकाळी एकच टेम्पो निघतो, आणि टेम्पोवाला ज्या पत्त्याचा फ्लेक्स असेल तिथे बांबू ठोकून टांगून मोकळा होतो. कोणाला विचारायची पद्धत नाही. काकांनी दुपारपर्यंत काम पाठवलं असतं, तर दिवेलागणीला आमच्या गेटवर, सासूबाईंच्या गॅलरीच्या बरोब्बर समोर, अण्णा हार घालून उभे राहिले असते. पुढचं मला आजही मनात आणवत नाही.

पण काकांना फोटो पसंत पडला नाही. बंड्याने पाठवला होता मिरवणुकीतला. अण्णांचा 'मोरया' म्हणताना उघडलेला आ, आणि खांद्यावर कुणाचातरी पंजा. काका रस्ता ओलांडून गेले, स्टँडवरून बघितलं, परत आले. बंड्याचे फोनवर फोन. "होतंय, होतंय." शेवटी दुकानाला कुलूप घालून ते दुसरा फोटो आणायला आमच्या घरी गेले.

दार सासूबाईंनी उघडलं. अंगावर नेहमीचं हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि हात पिठाचे. म्हणाल्या, "बरं झालं आलात. बसा. यांना गॅस झालाय म्हणून नेलंय. हे दवाखान्यातलं काही खायचे नाहीत, मऊ भात लावलाय."

काका मटकन खुर्चीत बसले. त्यांना वाटलं, वैनींना अजून सांगितलेलंच नाही.

त्यांनी चहा घेतला. सासूबाईंनी अण्णांच्या खाण्याच्या खोडी सांगितल्या, त्या ऐकल्या. फोटोचं नाव काढायचं धाडस झालं नाही. निघताना सासूबाईंनी मऊ भाताचा डबा हातात दिला. "तुम्ही त्या बाजूला जाताय ना? एवढा द्या. वर तूप आहे, आडवा धरू नका."

काय करतील? घेतला.

दवाखान्याच्या जिन्याने काका वर येताना मला दिसले. डबा दोन्ही हातांनी छातीशी उभा धरलेला, चेहरा पांढराफटक. माझ्यासमोर आले. कसंबसं म्हणाले, "बाई, वैनींनी... मला नाय म्हनता आलं नाय वो."

मला काही उलगडा होईना. अण्णांच्या हृदयात नळी टाकून झाली होती, धोका टळला होता आणि नुकतंच त्यांना वॉर्डात आणलं होतं. म्हटलं, "अहो, मग द्या ना त्यांना. डॉक्टरांनी थोडं खायला सांगितलंय."

"कोनाला?"

पडद्याआडून अण्णांचा बारीक पण कुरकुरा आवाज आला, "कोण, म्हात्रे का? आत या की. भातावर तूप घातलंय का तिने?"

काका आत गेले. अण्णांकडे बघत राहिले. मग डबा खाली ठेवून पलंगाच्या कडेवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मध्येच त्यांचा फोन वाजला. बंड्या होता. काकांनी नाक पुसलं आणि आयुष्यातली सगळ्यात ठणठणीत शिवी त्याला हासडली. नर्स धावत आली. सगळा प्रकार कळल्यावर मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि देवाचे आणि म्हात्रेकाकांच्या दिरंगाईचे एकाच दमात आभार मानले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मिरवणुकीतला फोटो? शी!" घरी येताच त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि काकांकडून फोटो काढून घेतला. बंड्या महिनाभर आमच्या जिन्याने आला नाही. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही. म्हात्रे किती चांगले, डबा आडवा धरला नाही, एवढंच त्या सगळ्यांना सांगतात.

अण्णा हिंडायला फिरायला लागल्यावर मी नारळाच्या वड्या घेऊन दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले तर काका स्क्रीनकडे तोंड करून बसलेले. स्क्रीनवर म्हात्रेकाकी.

मी काकींना चांगलं ओळखत होते. कोरोनाच्या दिवसांत त्या गेल्या. दवाखान्यात आत कोणाला सोडलं नव्हतं, आणि तिथूनच त्यांना परस्पर नेलं होतं.

काकांनी मला बघून काही लपवलं नाही. "शेवटचं तोंड पन बघायला मिळालं नाय, बाई," ते म्हणाले. "मग हा घेतला करायला. रोज दुपारी थोडा थोडा करतो. बाकीच्यांचं पन तसंच होतं माझं. मानूस इथं समोर असतो, माझ्याशी बोलतो. पूरा झाला की वालीवला पाठवायला लागतो. एकदा पाठवला की मग गेला ना तो."

वड्यांचा डबा हातातच राहिला. याच माणसाला मी घाई करत होते.

काकांनी खुर्ची बाजूला सरकवली. "तुम्ही खरं ते तोंडावर सांगता. म्हनून तुम्हाला विचारतो. झाला का वो हा पूरा?"

मी वाकून बघितलं. काकी बारीक डोळे करून हसत होत्या. गालावरच्या सुरकुत्या, नाकातली चमकी, कपाळावरची पांढरी बट, सगळं काही होतं. उद्या त्या रस्त्यात भेटल्या असत्या तर अशाच दिसल्या असत्या. इतकं पूर्ण काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"नाही काका," मी म्हटलं. "अजून बरंच बाकी आहे. कपाळापाशी बघा जरा."

काकांनी मोठा श्वास सोडला. "मला पन वाटतच होतं," ते म्हणाले, आणि अगदी जागच्या जागी असलेली ती बट पुन्हा नीट करायला लागले.