मान्याना म्हणजे उद्या

भाचीने फोन हातात दिला तेव्हा मामांची छाती फुगली. धुण्याच्या मशिनच्या माहितीपुस्तिका स्पॅनिशमधून फ्रेंचमध्ये करणं हा त्यांचा धंदा, पण घरात त्यांच्या स्पॅनिशची गरज आज प्रथमच पडली होती. फोनवर होणारे व्याही होते. भाचीचा साखरपुडा होऊन वर्षं उलटली तरी ते तारीख काही देत नव्हते, आणि फ्रेंचचा त्यांना गंध नव्हता.

"विचार, लग्न कधी?" भाचीची आई, म्हणजे मामांच्या ताई, म्हणाल्या. ताईंचं सलून होतं. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मामांनी विचारलं. पलीकडून आधी ऐसपैस जांभई आली, मग उत्तर. "मान्याना."

"उद्या," मामांनी सांगून टाकलं.

"उद्या? नीट विचार."

"मान्याना, मान्याना," व्याही प्रेमाने म्हणाले.

"दोनदा म्हणाले, ताई. पक्कं आहे."

भाची खिडकीबाहेर बघत राहिली. ताईंनी सलूनला कुलूप ठोकलं, केकवाल्याच्या डोक्यावर उभं राहून तीन मजली केक करवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मामांच्या मांडीवर ठेवून सगळ्यांना बसमध्ये कोंबलं.

व्याह्यांनी बनियनवरच दार उघडलं. हातात झाडांना पाणी घालायची झारी होती. मामांना म्हणाले, "अहो, मान्याना म्हणजे काय लगेच उद्या का?"

"मग काय?"

"म्हणजे आज नाही. पुढचं पुढे बघू."

मामांनी हातातला केक सावरला. मशिनच्या पुस्तिकेत एका बटणाचा एकच अर्थ असतो. हे आता फ्रेंचमध्ये आणायचं कसं?

"काय म्हणतात?" ताईंनी विचारलं.

"म्हणतात... आज नाही."

"ते काल म्हणाले. कालचा आज संपला." ताईंनी पर्समधून कात्री काढली, व्याह्यांना खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती टॉवेल आवळला. "हलू नका म्हणावं."

याचं भाषांतर करावं लागलं नाही. एव्हाना नवरदेव कडक इस्त्रीच्या सुटात बाहेर आला. मामांना जरा नवल वाटलं, पण केक एका बाजूला कलत होता. लग्न नोंदणारे साहेब शेजारीच राहत. तेही व्याह्यांच्याच पठडीतले. त्यांनी "मान्या..." म्हणायला तोंड उघडलं, तोच ताईंनी हवेत कात्री दोनदा वाजवली. साहेब मुकाट्याने शिक्का आणायला गेले. भाचीच्या पिशवीतून सगळी कागदपत्रं निघाली, साक्षांकित प्रतींसकट.

दुपारी लग्न लागलं. नीटनेटक्या केसांचे व्याही केक खात सगळ्यांना सांगत होते, की बरं झालं, एकदाचं उरकलं.

मामा मात्र कोपऱ्यात खजील होऊन बसले होते. तेवढ्यात त्यांना भाचीचा आवाज आला. ती सासूशी बोलत होती, हसत, भराभर, अस्सल स्पॅनिशमध्ये. मामा उठून तिच्यापाशी गेले.

"तुला स्पॅनिश येतं?"

"त्याची ओळख झाल्यापासून शिकतेय."

"मग काल फोन मला कशाला दिलास?"

भाचीने त्यांच्या बशीत केकचा मोठा तुकडा वाढला.

"मामा, मी बोलले असते तर भाषांतर बरोबर झालं असतं."