शिगवणकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बंद पडला की मेकॅनिकच्या आधी शिगवणकाकांना बोलवावं लागे. काका चपला काढत, पंपासमोर नारळ ठेवत आणि डोळे मिटून सुरू होत, "बा देवा म्हाराजा, ह्यो पंप रुसलाय, त्याला सुबुद्दी दे रं म्हाराजा." मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हा त्यांच्या रत्नागिरीकडच्या गाऱ्हाण्याचा नियम. आमच्या ह्या सिल्व्हर पार्कात मराठी घरं मोजकी, म्हणून तळमजल्यावरचे शहाभाईही ते म्हणायला शिकले होते. पंप मेकॅनिकच सुरू करायचा, श्रेय देवाला जायचं.

मिस कॉल देऊन निरोप कळवण्याचे दिवस होते ते. काका जवळच्या हाटकेश औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मशीनवर कामाला होते. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची नोकरी, सगळ्यांसाठी त्यांची गाऱ्हाणी असत. स्वतःसाठी एकही नाही. मागून येणारा होकार सर्वांत मोठा काकींचा, तोही हसत. देव तुम्हाला कंटाळला असेल, असं त्या वर सुनावायच्या.

एके वर्षी काकींच्या अंगावर जांभळे ठिपके उठले. त्या बरळू लागल्या, काकांनाच "तुमी कोण?" विचारू लागल्या. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रक्तात गुठळ्या होऊ न देणारं एक एन्झाइम असतं. काकींच्या शरीरानं त्याच्याचविरुद्ध अँटिबॉडीज तयार केल्या होत्या. एन्झाइमचं काम थांबलं आणि बारीक नसांत गुठळ्या झाल्या. आता रक्तातला प्लाझ्मा काढून दात्यांचा भरायचा, आणि तरीही खात्री देता येत नव्हती.

काका हबकले. त्यांच्या प्रत्येक गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला, काय इडापिडा असेल ती गावाच्या शिवेबाहेर घालव. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पन बाई, घरच्यांनाच शिवंभायेर कसं काढायचं?"

बाई हसल्या नाहीत. "काढायचं नाही, काका. औषधानं शांत करायचं."

प्लाझ्माच्या पिशव्या रोज चढत होत्या. एका दुपारी मी आणि शहाभाई भेटायला गेलो, तर काका पलंगापाशी अनवाणी उभे. आम्हाला पाहताच त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, हिच्या रगतात जी भांडतायत ती हिचीच हायत. त्यांना मारू नको, त्यांची समजूत घाल. आनि..." त्यांनी काकींकडे पाहिलं. "हिला मी कदी बोललो न्हाय, पन हिच्याबिगर मला घरात पाऊल टाकवत न्हाय. मला येकटा ठेवू नको रं म्हाराजा."

आता आम्ही बोलायचं होतं. शहाभाईंनी चष्मा काढला आणि माझ्याआधी तेच हळूच म्हणाले, "होय महाराजा."

काकींचे डोळे मिटलेलेच होते. ओठ तेवढे हलले.

"मंग इतकी वर्सं बोललाव का न्हाय?"

काकींनी त्यांना ओळखलं होतं. काका त्यांचा हात धरून मटकन स्टुलावर बसले. आयुष्यभर देवाशी घडाघडा बोललेल्या त्या माणसाला बायकोशी काय बोलावं ते सुचेना.