आहार अज्ञात

आमच्या समोरच्या दारात गायकर मॅडम राहतात. त्यांच्याकडे साखर मागायला जावं, विरजण मागायला जावं, पण बर्फ मागायला जाऊ नये. आम्ही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात नवे होतो तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पाहुणे आले, सरबत करायचं होतं, म्हणून माझी बायको नीता भांडं घेऊन समोर गेली. मॅडम फोनवर बोलत होत्या, त्यांनी हातानेच 'घे' अशी खूण केली. फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेवर काजू कतलीचा डबा होता. तो सरकवताना झाकण निघालं. आत एक खंड्या पंख मिटून, डोळे मिटून आडवा पडला होता.

"अगं, घाबरतेस काय? मेलेलाच आहे," मॅडमनी तिला धीर दिला. पाहुण्यांनी त्या दिवशी सरबत कोमटच प्यायलं.

मॅडम उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या, एकट्या राहतात. लग्न का केलं नाही, हे विचारायची आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची छाती नाही. प्राची नावाची त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात असते. रानातल्या पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या अंगात पारा किती साचतो, यावर तिचं संशोधन चालू आहे. वनखात्याची रीतसर परवानगी तिने काढली आणि अंबरनाथ-बदलापूरचा भाग मॅडमनी आपण होऊन अंगावर घेतला.

"सोपं आहे हो, सावंत," त्यांनी मला एकदा जिन्यातच उभं करून शिकवलं. "कारखान्यांतून पारा आपल्या नदीत पडतो. नदीतून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात. तो मासा खंड्या खातो. मग पारा त्याच्या पिसात जाऊन बसतो. प्राणी असेल तर केसात. एकदा तिथे बसला की हलत नाही. प्राणी मरेल, पण केस खोटं बोलणार नाही."

मी आनंदनगरच्या एका कारखान्यात परचेस बघतो. त्यामुळे मॅडमचा माझ्यावर कायमचा संशय. लोक 'काय, निघालात का?' म्हणतात, तसं त्या रोज सकाळी विचारतात, "तुमच्या कंपनीत पारा वापरतात का हो?"

"मॅडम, आम्ही प्लास्टिकच्या बादल्या बनवतो."

"बघा हं आठवून."

हळूहळू त्यांची कीर्ती पसरली. रिक्षावाले त्यांना मेलेले ढोकरी बगळे आणून देऊ लागले. मॅडम प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "काय खायचा हा?" त्याचं नीट उत्तर मिळालं नाही तर नमुना घेत नाहीत. एकदा उल्हासनगरच्या कॅम्प चारचा फरसाणवाला खास स्कूटरवरून कबूतर घेऊन आला.

"मॅडम, सुबह ही गया. एकदम फ्रेश!"

"क्या खाता था?"

"अपनाही गाठिया खाता था, और क्या!" तो छाती फुगवून म्हणाला.

"नदीचं काही नाही. नमुना बाद."

बिचाऱ्याला वाटलं, त्याचा गाठियाच बाद झाला. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याकडे मॅडमबद्दल रागाने बोलत असे. रस्त्यावर गाडीखाली आलेल्या मुंगसाचंही तेच झालं. मॅडमनी त्याच्याकडे हळहळून पाहिलं, त्याच्या अंगावरून हातसुद्धा फिरवला, आणि मग म्हणाल्या, "हे काय वाटेल ते खातं. आहार अज्ञात. नमुना बाद." ही दोन वाक्यं त्या एका दमात म्हणतात.

त्यांच्यामुळे आमच्या घरात सुरमई बंद झाली, हे माझं खरं दुःख. "मोठा मासा म्हणजे लहान माशांचा सगळा पारा गोळा केलेला," असं त्यांनी नीताला सांगितलं. बोंबील आणि बांगडा तेवढा पास झाला. मी सिंधुदुर्गातला माणूस, सुरमईसाठी भांडलो, पण दोन बायकांपुढे माझं काही चाललं नाही.

गेल्या वर्षी मात्र मॅडम काळजीत पडल्या. प्राचीने जुना नमुना मागितला. आजचा पारा जास्त की कमी, हे ठरवायला पूर्वीचं काहीतरी हवं. कारखान्यांची एवढी गर्दी नव्हती तेव्हाचं, आणि तेही आपल्याच नदीचं. कुठल्याशा संग्रहालयात पेंढा भरलेले बगळे मिळाले, पण ते भलत्याच नदीचे. मॅडम जिन्यात मला गाठून म्हणायच्या, "आई सांगायची, नदीला पूर्वी पाणमांजरं होती. एखाद्याचे मूठभर केस जरी कोणी ठेवले असते ना!" नमुना मिळाला नाही तर नदीचं काम अर्धंच राहणार होतं. त्यांचं जेवणाकडेही लक्ष नसायचं.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली. नीता बोंबील तळत होती. मॅडमच्या हातात स्टीलचा डबा होता आणि चेहरा उजळलेला होता. डब्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, वेणीत घालायचं एक गंगावन होतं, काळंभोर.

"आईचं," त्या म्हणाल्या. "तेव्हा बायका विंचरताना गळलेले केस टाकत नसत. आईने साठवून साठवून स्वतःच्याच केसांचं वळून घेतलं. बाबा रोज ह्याच नदीत जाळं टाकायचे. आमच्या घरी रोज नदीचा मासा. कळलं का, सावंत? नदीचा मासा रोज खाणारा सस्तन प्राणी! पाणमांजराच्या जागी माझी आई!"

त्या हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना. मग त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "टोकाकडचं थोडंसं कापा. माझ्याने होत नाही."

मी कात्री आणली. नीता पदराला हात पुशीत बाहेर आली. इतक्या वर्षांच्या संगतीने तीही तयार झालेली. ती सहज म्हणाली, "मॅडम, पण आई काय खायच्या?"

"अगं, सांगितलं ना, मासे."

"घरात मासे असायचे. त्यांच्या ताटात काय असायचं?"

मॅडमनी उत्तरासाठी तोंड उघडलं. "डोकं दादाला. मधली तुकडी बाबांना. शेपटीकडची मला, काटे काढून." बोटांवर मोजता मोजता त्या थांबल्या.

"आणि आईंना?"

"आई मागून जेवायची. चुलीकडे तोंड करून बसायची." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "कालवण उरलं तर कालवण असेल. नाहीतर मीठ-भाकर. मी कधी वळून पाहिलंच नाही गं."

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ह्यात पारा कमी निघाला, तर तो नदी चांगली होती म्हणून, की आईच्या वाट्याला मासाच येत नव्हता म्हणून? कसं सांगणार?" त्यांनी लुगड्याचा तुकडा पुन्हा गुंडाळला. "आहार अज्ञात."

पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण लावून, तो मांडीवर घेऊन बसल्या. मी कात्री ठेवून दिली. मला फार वाईट वाटलं.

"जेवूनच जा मॅडम," नीता म्हणाली. तिने आम्हा दोघांना पानं वाढली, गरम बोंबील घातले, आणि उरलेले तळायला ती गॅसकडे वळली.

"तुझं ताट कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"तुमचं होऊ दे. मी बसते मागून."

"नाही. गॅस बंद कर." त्या उठल्या, रॅकमधून स्वतःच ताट काढलं, आपल्या पानातला मोठा बोंबील त्यात ठेवला आणि ते आपल्या समोर मांडलं. "इथे बस. माझ्याकडे तोंड करून."

नीता हसत हसत बसली. मॅडमनी घास घेतला नाही.

"तू खा," त्या म्हणाल्या. "मी बघते."