हेडाऊ साहेबांचं मूळ नक्षत्र

हेडाऊ साहेबांचा खाणीच्या भोंग्यावर विश्वास नव्हता. ऑफिससमोर त्यांनी एक काठी रोवली होती. तिची सावली सगळ्यात आखूड झाली, की मगच त्यांच्या लेखी दुपार. मी टाइमकीपर, भोंगा माझ्या हाती. बाराचा भोंगा वाजला की ते माझ्या खिडकीशी येत. "सूर्य अजून यायचा हाये, अन् तू कायले बोंबलून राहिला?"

सत्तरच्या दशकात तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीत ते इंजिनिअर होते. घर भंडाऱ्याच्या कोष्ट्यांचं. दुर्बिणीशिवाय जुन्या लोकांनी आकाश कसं मोजलं, हा त्यांचा नाद. तो खाणीतही सुटत नसे. एकदा मजुरांना समजावण्याच्या भरात त्यांनी दगडावर खडूनं सप्तर्षी काढले, शेजारी नाजूकशी अरुंधती काढली आणि जेवायला वर आले. ड्रिलवाल्या सुकरामला वाटलं, सुरुंगाच्या खुणा. त्यानं सातही ऋषींना भोकं पाडली. साहेबांनी परत येऊन पाहिलं. "अरुंधती तेवढी वाचली," म्हणाले.

या सुकरामच्या मुलीची, यमुनेची, सोयरीक बपेऱ्याला जुळत आली होती. तेवढ्यात मुलाच्या वडिलांना कळलं, पोरगी मूळ नक्षत्राची. सासऱ्याला वाईट. त्यांनी नकार कळवला. सुकराम जेवणाचा डबा न उघडता घरी नेऊ लागला. साहेबांनी बपेऱ्याला जायला जीप काढली, मलाही बसवलं.

दसऱ्याचे दिवस होते. अंधार पडताच साहेबांनी मुलाच्या म्हाताऱ्या बापाला धानाच्या बांधावर नेलं.

"तो विंचू दिसते का? त्याची नांगी म्हणजे मूळ."

"दिसते जी."

"तिथून उजेड इथवर यायलेच शेकडो वर्षं लागते. ते तुमच्या घरात कायले शिरन?"

म्हातारा जरा थांबला. "तुमी आणली असती का जी अशी सून घरात?"

साहेब हळूच म्हणाले, "माया बापानं आणू देली नाही. तवापासून पाहून राहिलो, हे मूळ हाये तरी कसं. काही वाईट दिसत नाही. पोरगीबी चांगली होती."

साहेब एकटे राहत. ताऱ्यांपायी लग्न राहिलं असावं, असं आम्ही सगळे समजत होतो.

म्हाताऱ्यानं नांगीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि घरात चहा मांडायला सांगितला.

उन्हाळ्यात लग्न झालं. साहेबांनी जिलबी मागून घेतली. यमुना पाया पडली, तर त्यांना आशीर्वाद सुचेना. "मी येत जाईन तुयाकडे," म्हणाले.

आणि रिटायर झाल्यावरही, दर दिवाळीला, फराळाचा डबा घेऊन ते बपेऱ्याला जात राहिले.