कोरडेबुवांची ‘ती’

आमच्या शेजारच्या दत्ताभाऊजींच्या वर्कशॉपात शिरायला पाय पुसून भागत नसे. टॉवेल घेऊन ते दारातच उभे. “वहिनी, आधी कोरड्या व्हा. श्वासही बाहेरच सोडून या.”

पावसात सगळी रत्नागिरी शेवाळते, पापड मऊ पडतात, चपलांना बुरशी येते, आणि या माणसाला घरामागच्या खोलीत कोरडी हवा हवी! आळीनं त्यांचं नाव कोरडेबुवा ठेवलं. उमेदीची वर्षं गेली बोटीच्या इंजिनखोलीत. निवृत्त झाल्यावर लोखंड कातायचं एक जुनं लेथ मशीन आणलं आणि त्याच्या सेवेला लागले. फटी रबरानं बुजवलेल्या, मशीनखाली अखंड पेटता बल्ब. गंज हा शब्द तर उच्चारायचाच नाही. रात्री आपण सापाला ‘जनावर’ म्हणतो, तसं ते गंजाला ‘ती’ म्हणत. “दार लावा, ती शिरेल!”

मग त्यांची बायको, आमची सुलू, अचानक गेली. त्या दिवसापासून आत कोणालाच प्रवेश नाही. बंद दाराआडून मात्र कुणी गाढ झोपल्यासारखी घरघर. खोलीत नळ नाही, तरी सकाळी भाऊजी तिथून भरली बादली आणून माडाला ओतत. आणि एकदा कुंपणाशी कान लावला तर स्पष्ट ऐकू आलं, “वाढू नको गो. आहेस तेवढीच राहा.”

मी तेव्हा नुकती साठीत आलेली, म्हणजे अकलेनं अगदीच कोवळी. नातवंडांच्या पिशाच्चांच्या गोष्टींना हसणारी मी, पण ठरवून टाकलं: सुलू परत आलीय! दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर लिंबू आणि मूठभर मीठ ठेवून आले.

भाऊजी किंचाळले, “लिंबू? आणि मीठ? अहो, तिला आवतण देताय काय?”

झालं! माझी खात्रीच पटली.

श्रावणात वादळानं वीज गेली ती परत येईना. भर दुपारी काळोख, घरघर बंद. आणि कधी न भिजणारे भाऊजी निथळत माझ्या दारात.

“वहिनी, बाळंतिणीची शेगडी आहे तुमच्याकडे? निखारे घाला. हवा ओली झाली. ती पसरेल.”

शेगडी उचलून, रामरक्षा पुटपुटत मी मागोमाग गेले. कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून बादलीत सोडणारं यंत्र गप्प पडलेलं. म्हणजे घरघर याची! मी हसणार, तोच निखाऱ्यांच्या उजेडात मशीन दिसलं. आरशासारखं लख्ख. आणि त्यावर लालभडक पंजा. पाच बोटं, करंगळी जराशी वाकडी.

माझी रामरक्षा एकदम मोठ्यानं सुरू झाली.

“भिऊ नका, सुलूचाच,” भाऊजी म्हणाले. “बांगडे धुता धुता चहाला बोलवायला आली नि ओला हात टेकला. मी केवढा ओरडलो. सकाळी बघतो तर उमटलेला. रविवारी घासून काढणार होतो. रविवारच्या आत तीच...”

त्यांनी शेगडी मशीनखाली सरकवली, धूर कोंडू नये म्हणून दार जरासं किलकिलं ठेवलं.

“घासला तर जाईल. ओल लागली तर पसरून नुसता डाग होईल. वहिनी, माझी नजर गेली हो आता. तिची बोटं जाड झालीत काय?”

ओले हात पाठीशी धरून, श्वास रोखून मी वाकले. करंगळी तशीच वाकडी होती.

“नाही हो भाऊजी. आहे तेवढीच आहे.”

“मग सोडा श्वास,” ते म्हणाले.